‘नोड निगेटिव्ह’च्या वरची ओळ पण सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्याकडे स्किन कॅन्सरचा विषय निघाला की सनस्क्रीनच्या पुढे गाडी जात नाही. पण मेलानोमा, म्हणजे डागासारखा दिसणारा कातडीच्या रंगपेशींचा कॅन्सर, आपल्या लोकांना बऱ्याचदा तळपायाला नाहीतर नखाखाली होतो, जिथे ऊन लागायचा प्रश्नच नाही, आणि माणसं कुरूप समजून महिनोन्महिने कॉर्न कॅप लावत बसतात. असो, मला लिहायचंय ते ऑपरेशननंतरचं.

माझ्या मावशीच्या टाचेवरच्या मेलानोमाचं ऑपरेशन झालं तेव्हा जांघेतली सेंटिनल नोडपण काढली, म्हणजे डागातून सुटलेल्या पेशी सगळ्यात आधी ज्या गाठीत जातात ती. निगेटिव्ह आली, म्हणजे तिच्यात कॅन्सर सापडला नाही. घरात पेढे, आणि डिस्चार्ज कार्डावर ‘नोड निगेटिव्ह, त्रास वाटल्यास दाखवा’ एवढंच. पण पॅथॉलॉजी रिपोर्टात त्याच्या वरच छापलं होतं, ब्रेस्लो साडेचार मिमी, अल्सरेशन प्रेझेंट. ते काय हे कोणी समजावलंच नाही, मावशी तर म्हणाली गाठ साफ आहे ना मग झालं.

ब्रेस्लो म्हणजे डाग कातडीत किती खोल गेलाय ते माप, १९७० पासून वापरात आहे. ते ४ मिमीच्या वर आणि डागावर जखम झालेली (अल्सरेशन) असेल तर गाठ साफ असूनही स्टेज २सी धरतात. आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा), सध्याच्या स्टेजिंगच्या आकड्यांत २सीवाले पाच वर्षांनी साधारण ८२ टक्के वाचलेले आणि ३ए, म्हणजे डाग पातळ पण गाठीत थोडा कॅन्सर सापडलेला, ते ९३ टक्के! गाठ साफवालाच जास्त धोक्यात. कारण पेशी गाठ टाळून थेट रक्तातूनही फुप्फुसात, लिव्हरमध्ये जाऊ शकतात, शिवाय गाठीचे काही पातळ कापच मायक्रोस्कोपखाली बघतात, त्यात बारीकसा पुंजका सुटू शकतो.

परत कोणाला होईल हे नक्की सांगणारी टेस्ट अजून नाही. जीन टेस्ट निघाल्यात परदेशात, पण त्यावरून ट्रीटमेंट ठरवावी का यावर डॉक्टरांचं एकमत नाही. २सी आणि त्याच्या आधीच्या २बी स्टेजसाठी अमेरिकेत २०२१ ला पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या) औषधाला मंजुरी मिळाली, खर्च लाखांच्या घरात, म्हणून ते घ्या असं मी कोणाला सांगणार नाही. पण पर्याय आहे हे पेशंटला कळायला नको का?

ठाणे, नवी मुंबईत आता मोठमोठी हॉस्पिटलं झालीत, खारघरला टाटाचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर सेंटर आहे, सोयीची ओरड नाही. माझं म्हणणं एवढंच की डिस्चार्ज कार्डावर मराठीत जाडी, जखम होती की नाही, स्टेज आणि पुढची तारीख लिहा. पहिली दोन-तीन वर्षं धोका जास्त असतो, तेव्हा ‘त्रास वाटल्यास’ चालत नाही, तारीखच लागते. आणि नातेवाईकांनो, ऑपरेशनचा डाग, त्याच्या आजूबाजूची कातडी आणि जांघ दर महिन्याला हाताने चाचपून बघा, नवीन गाठ लागली तर तारखेची वाट बघू नका.

— एक वाचक, कोपरखैरणे