मूकपटांतल्या त्या निनावी स्त्रिया

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मूकपटांची जुनी रिळे जोडून नवे चित्रपट घडवणाऱ्या युरोपीय कलावंतांवरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. सुरुवातीच्या शृंगारिक मूकपटांबद्दल मराठी वृत्तपत्रात इतके मोकळेपणाने लिहून आले, याचा मनापासून आनंद झाला. पण त्या रिळांत ज्या स्त्रिया दिसतात, त्यांच्याविषयी अख्ख्या लेखात एक ओळही नाही. ती असायला हवी होती, हे सांगण्यासाठी हे पत्र.

व्हिएन्नाचे उदाहरण घेते. योहान श्वार्झर या छायाचित्रकाराने तिथे १९०६ मध्ये 'सॅटर्न फिल्म' नावाची कंपनी काढली. ऑस्ट्रियातली पहिली चित्रपटनिर्मिती संस्था म्हणून तिचा उल्लेख होतो. चार-पाच वर्षांत तिने पन्नासच्या आसपास चित्रपट काढले, बहुतेक काही मिनिटांचेच. केवळ पुरुषांसाठी ठेवलेल्या रात्रीच्या खेळांत ते दाखवले जात. कुठे नदीकाठची आंघोळ, कुठे गुलामांचा बाजार, कुठे शिल्पकाराच्या स्वप्नात जिवंत होणारे पुतळे. कथा म्हणजे बाईने विवस्त्र होण्यापुरते निमित्त. संभोगाचे चित्रण त्यांत नाही. तसले चित्रपट चोरून बनत आणि चोरूनच विकले जात. सॅटर्नचे सूचिपत्र तर आपला हेतू निव्वळ कलात्मक असल्याची ग्वाही देत असे. १९११ मध्ये सरकारने कंपनी बंद पाडली आणि श्वार्झर १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला. उरलेली रिळे 'फिल्मआर्काइव्ह ऑस्ट्रिया'ने जमवली, दुरुस्त केली. हे काम फार मोलाचे आहे, कारण त्या काळातली नायट्रेटची फिल्म पटकन पेट घेते आणि नुसती ठेवली तरी सडत जाते.

आज श्वार्झरचे नाव सापडते, चित्रपटांची नावे सापडतात, साले सापडतात. कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या बायका मात्र जवळजवळ सगळ्या निनावी आहेत. त्याआधी, १८९६ मध्ये, पॅरिसला नववधूच्या पहिल्या रात्रीवरचा एक छोटा चित्रपट निघाला होता. त्याचा आज थोडाच भाग शिल्लक आहे, पण त्यातली लुईझ विली नावानिशी माहीत आहे. हाच प्रसंग ती आधी रंगमंचावर करत असे आणि तिथे तिचे नाव झालेले होते. ज्यांच्यापाशी असे आधीचे नाव नव्हते, त्यांची नोंद ठेवावी असे कोणाला वाटलेच नाही.

आता नव्या कलाकृतींकडे येते. आपल्या लेखात गौरवलेला गुस्टाफ डॉइच यांचा २००९ चा 'फिल्म इस्ट. अ गर्ल अँड अ गन' मलाही थोर चित्रपट वाटतो. सिनेमाच्या पहिल्या साडेचार दशकांतली रिळे त्यांनी निरनिराळ्या संग्रहांतून मिळवली. शृंगाराची, युद्धाची, विज्ञानाची दृश्ये शेजारी शेजारी लावली आणि मधूनमधून हेसिअड, सॅफो, प्लेटो या प्राचीन ग्रीकांची वचने पेरली. 'इरॉस' आणि 'थॅनॅटोस' या दोन भागांत तर वासना आणि संहार एकाच भिंगातून पाहिले जातात, हे आपल्या अंगावर येते. नुसता इतिहास वाचून हे इतके कळले नसते.

पण तिथेच माझा आक्षेपही आहे. मजुरी घेऊन कपडे उतरवणारी एक हाडामांसाची बाई या चित्रपटात ग्रीक तत्त्वज्ञानातले प्रतीक होऊन जाते. तिला थंडी वाजत होती का, आजूबाजूला किती पुरुष उभे होते, ती मधेच कॅमेऱ्याकडे पाहते तेव्हा कोणाच्या सांगण्यावरून पाहते, हे प्रश्न मनात येण्याआधीच ती 'आदिम स्त्री' झालेली असते. शंभर वर्षांपूर्वी तिला कोणी माणूस म्हणून मोजले नाही. आज इतक्या जाणत्या कलावंताच्या हातून पुन्हा तेच व्हावे, याचे मला दुःख होते.

याउलट नेओमी उमान यांचा १९९९ चा 'रिमूव्ह्ड' पाहावा. त्यातली फिल्म सत्तरच्या दशकातल्या एका कामुक चित्रपटाची आहे, मूकपटांची नव्हे. पण प्रश्न तोच आहे. त्यांनी नेलपॉलिश काढायचे द्रावण आणि ब्लीच वापरून एकेका चौकटीतून बाईची आकृती पुसून काढली. उरतात ते पुरुष, आणि त्यांच्या मधोमध हलणारी एक पांढरी पोकळी. त्या सहा-सात मिनिटांत बाईचे 'नसणे' जितके जाणवते, तितके तिचे असणे मूळ चित्रपटात कोणाला जाणवले नसेल.

तिसरी वाट आपल्याकडची आहे. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली आणि हौदातल्या स्नानाच्या दृश्यात ओलेत्या साड्यांतले सगळे पुरुषच होते, कारण कॅमेऱ्यासमोर यायला बाई मिळाली नाही. त्याच वर्षी, १९१३ मध्ये, 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लेक कमलाबाई मोहिनी. तो पौराणिक चित्रपट होता, त्याची सॅटर्नशी बरोबरी मी करत नाही. पण पडद्यावर देह दिसणाऱ्या बाईला समाज काय म्हणेल, ही धास्ती दोन्हीकडे होती. पुढे रीना मोहन यांनी 'कमलाबाई' हा माहितीपट केला. त्यात म्हाताऱ्या कमलाबाई गोखले स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या ठसक्यात आपले आयुष्य सांगतात. मूकपटातल्या स्त्रीला बोलते करणारी याहून चांगली कलाकृती मला माहीत नाही.

कोणी म्हणेल, व्हिएन्नाच्या त्या बायकांनाच नाव नको असेल. अगदी शक्य आहे, आणि म्हणून त्यांची घरेदारे उकरून काढा असे मी म्हणत नाही. पण 'अभिनेत्री अज्ञात' एवढे दोन शब्द तर छापता येतात. चित्रपट कोणी काढला, कोणासाठी काढला, कुठे दाखवला, रीळ कुठल्या संग्रहातून आले, हेही सांगता येते.

पुण्या-मुंबईच्या फिल्म सोसायट्या आणि महोत्सव अधूनमधून असे कार्यक्रम करतात. त्यांनी आपल्या माहितीपत्रकात ही नोंद सक्तीची करावी, आणि खेळाआधी पाच मिनिटे कोणीतरी या स्त्रियांविषयी बोलावे. आपल्या लेखकांनाही विनंती की पुढचा लेख दिग्दर्शकांवर न लिहिता लुईझ विली, दुर्गाबाई आणि कमलाबाई यांच्यावर लिहावा. आपण तो जरूर छापावा.

आपली नियमित वाचक,
पुणे