सोळा वर्षांची वाढ दशकाची म्हणून मोजू नये

संपादक महोदय,

१ मार्च २०२७ या संदर्भदिनाच्या जनगणनेचे आकडे जाहीर होतील, तेव्हा महाराष्ट्राच्या लोकसंख्यावाढीची टक्केवारी २००१ ते २०११ या दशकातील १५.९९ टक्क्यांशेजारी मांडण्याचा मोह अनेकांना होईल. तो आवरावा, एवढ्यासाठी हे पत्र. २०२१ ची गणना झालीच नाही. त्यामुळे येणारी टक्केवारी सोळा वर्षांची असणार आहे. वाढीचा वार्षिक वेग मागच्या दशकाइतकाच राहिला असे धरले, तर सोळा वर्षांत सुमारे २७ टक्के वाढ दिसेल. म्हणजे प्रत्यक्षात वेग मंदावलेला असतानाही वीस-बावीस टक्क्यांचा आकडा पाहून लोकसंख्येचा स्फोट झाल्याची ओरड होऊ शकते, आणि अशी ओरड कोणाच्या तरी सोयीची असतेच.

दुसरी अडचण सीमांची. १९०१ मध्ये महाराष्ट्र नावाचे राज्य नव्हते. मुंबई इलाखा, मध्य प्रांत, वऱ्हाड आणि निजामाचे हैदराबाद संस्थान यांत विभागलेल्या प्रदेशांची आजच्या सीमांनुसार पुन्हा जुळणी करून त्या वर्षीचा १.९४ कोटी हा आकडा काढलेला आहे. हे किचकट काम कोणीतरी केले, म्हणूनच १९११ ची २.१५ कोटी लोकसंख्या १९२१ मध्ये २.०८ कोटींवर आली, हे आज आपण सांगू शकतो. त्या घटीमागे १९१८ चा इन्फ्लुएंझा आणि त्याच वर्षीचा दुष्काळ होता. त्यानंतर राज्याची लोकसंख्या कोणत्याही दशकात घटली नाही. उलट १९९१ ते २००१ या एकाच दशकात जी सुमारे १.७९ कोटींची भर पडली, ती १९०१ ते १९५१ या पन्नास वर्षांतील एकूण वाढीपेक्षाही अधिक होती.

हीच जुळणी आता ठाण्यासाठी करावी लागेल. २०११ मध्ये १.११ कोटी लोकसंख्येचा हा जिल्हा देशात सर्वांत मोठा होता. २०१४ मध्ये त्यातून पालघर वेगळा झाला. जुना आणि नवा आकडा तसाच समोरासमोर ठेवला, तर ठाण्याची वाढ आहे त्याहून फारच कमी भासेल.

राज्याच्या एकूण वाढीत काय काय झाकले जाते, ते आम्हा कोकणातल्यांना वेगळे सांगावे लागत नाही. २००१ ते २०११ या काळात राज्य सोळा टक्क्यांनी वाढले, पण रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली. सिंधुदुर्गातही घट झाली आणि मुंबई शहर जिल्ह्यातही. रत्नागिरीत २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. चाकरमानी मुंबई-ठाण्याला गेल्याची ही थेट नोंद आहे. शाळा, आरोग्य केंद्रे, एसटीच्या फेऱ्या यांचे निर्णय मात्र २०११ चे आकडे हाती धरूनच अजून होत आहेत.

जुने आकडे नव्या सीमांत बसवून देण्याची रीत जनगणना खात्यात आहेच. यंदा ते तक्ते तालुकानिहाय आणि पहिल्या आकड्यांबरोबरच प्रसिद्ध व्हावेत. वृत्तपत्रांनीही सोळा वर्षांची वाढ छापताना तिच्याशेजारी वार्षिक दर द्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी