परळच्या बाकड्यावर शेजारी बसलेल्या मावशींना

आदरणीय मावशी,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते रुचायचं नाही. पण तुमच्या लेकीनं हे वाचून दाखवलं की कुणी लिहिलंय ते लगेच ओळखाल. आधी खुशाली सांगतो. अण्णा बरे आहेत. जखम भरली आहे, मऊ भात आणि ताक तोंडानं घेतात. बोलणं अजून जड आहे, पण घरच्यांना सगळं कळतं.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच काकांच्या तब्येतीकडे विषय वळवता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

अण्णांच्या गालाचा कॅन्सर जबड्याच्या हाडापर्यंत गेला होता. ते हाड काढायचं, पायातलं फिब्युला हे बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट घेऊन तिथं बसवायचं आणि त्या वाहिन्या मायक्रोस्कोपखाली मानेतल्या वाहिन्यांना जोडायच्या. असं ऑपरेशन आठ-दहा तास चालतं. परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी हे सगळं चित्र काढून समजावलं होतं. पण बाहेर बसलेल्यांनी तेवढे तास काढायचे कसे, हे मात्र मला तुमच्याकडूनच कळलं.

आपली ओळख दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतली, तीही पाण्याच्या नळावरची. काका ब्लड कॅन्सरसाठी वॉर्डात होते, आमच्या मजल्यावर तुमचं काहीच काम नव्हतं. तरी अण्णांच्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळी काकांना चहा पाजून तुम्ही तिथं आलात. तिथं बंगाल, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली माणसं फाईल छातीशी धरून बसली होती. आम्ही दोघं भाऊ ऑपरेशन थिएटरच्या दाराला डोळे लावून होतो. तुम्ही म्हणालात, "काहून रे बापू, दरवाजा पाहून राह्यला? त्यानं डॉक्टर लवकर येत नाही."

मग पिशवीतून कापूस काढलात. तुमच्या शेतातला, सरकीसकट. आम्ही इचलकरंजीचे. घरी यंत्रमाग आहेत, सूत रोज हाताखालून जातं. पण बोंडातून निघालेला कापूस मी त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतला. सरकी बोटांनी कशी सोडवायची ते तुम्ही दाखवलंत. धागे सगळीकडून धरून ठेवतात, ओढलं तर तुटतात. थोडं थोडं उकलत गेलं की सरकी आपोआप मोकळी होते. मग चिमूटभर कापूस तळहातावर गोल पसरायचा, मधोमध चिमटीत उचलायचा, पाण्याचं बोट लावून टोक पिळायचं. खालचा भाग पसरट राहिला तरच फुलवात ताटलीत उभी राहते. माझ्या पहिल्या वाती आडव्या पडत होत्या. तुम्ही त्या न बोलता उकलून पुन्हा माझ्या हातात देत होतात.

त्रिपुरी पौर्णिमेला शंकरापुढे लावायच्या ७५० वातींचं तुमचं काम चालू होतं. "हात रिकामे असले का डोस्कं नाही नाही ते उकरते," असं म्हणून त्यातला वाटा तुम्ही आम्हाला दिलात. थोड्या वेळानं पलीकडची बंगाली ताईही जवळ सरकली. तिला तुमची वऱ्हाडी कळत नव्हती, तुम्हाला तिचं बोलणं कळत नव्हतं. वाती मात्र तिच्या आमच्यापेक्षा सुबक होत्या. दुपार कधी झाली ते समजलं नाही, हे मी खरं सांगतो. भीती गेली नव्हती. पण तिच्याकडे टक लावून बसायचं थांबलं होतं.

बाकीच्या गोष्टीही तुम्हीच लावून दिल्यात. दोघांपैकी एकानं नाव पुकारलं तर ऐकू येईल इतक्या जवळ बसायचं, दुसऱ्यानं खाली जाऊन पोटभर जेवून यायचं, मग पाळी बदलायची. गावाकडच्या प्रत्येकाला फोन करायचा नाही. "एकालेच सांग, थो बाकीच्याइले सांगीन." मामांना ते काम दिलं आणि माझा फोन गप्प झाला. ज्यांच्या घरचं कुणी आज ऑपरेशनला आहे, त्यांनी एवढं तरी कराच. दर पाच मिनिटांनी "काय झालं?" याला उत्तर देण्यात माणूस थकून जातो.

पुढचे दिवस अतिदक्षता विभागाबाहेरचे. नव्यानं जोडलेल्या भागात रक्त नीट पोचतंय ना, हे नर्स तासातासाला तपासत होत्या. आम्हाला आत सोडायचे ते थोडाच वेळ. तेव्हा तुम्ही मला रक्तपेढीत पाठवलंत. काकांना प्लेटलेट्स लागायच्या, त्यामुळे तुम्हाला सगळं माहीत होतं: एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, प्लेटलेट्स वेगळ्या होतात, उरलेलं रक्त परत शरीरात येतं. साधारण दीड तास लागतो. या प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, म्हणून साठवून ठेवता येत नाहीत; रोज नवा माणूस लागतो. तपासण्या ठीक आल्या आणि मी खुर्चीत बसलो. त्या दीड तासात पहिल्यांदा वाटलं की या इमारतीत माझाही काही उपयोग आहे. माझ्या प्लेटलेट्स कुणाला गेल्या ते ठाऊक नाही. तुम्ही तेही विचारू दिलं नाहीत, "ज्याले लागन त्याले जाईन" म्हणालात.

मावशी, तुमचाच माणूस आजारी असताना तुम्ही हे सगळं करत होतात. रात्री धर्मशाळेत तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडायचात, हे मी पाहिलं आहे. तेव्हा काही विचारायचं धाडस झालं नाही. आज एवढंच म्हणतो, की काकांसाठी जे जे लागेल, त्यासाठी आम्ही दोघं भाऊ तुमचेच आहोत. संकोच करू नका.

अण्णांची पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. काकांची तारीख त्याच आठवड्यात पडली तर कळवा, तुमच्यासोबत राहीन. प्लेटलेट्स द्यायला मी तसाही येणारच आहे, धाकटाही येतोय. आईनं तुमच्यासाठी सुती पातळ काढून ठेवलंय, आमच्याच मागावरचं. ते नाही म्हणायचं नाही.

काकांना नमस्कार. लेकीला आशीर्वाद.

आपला,
इचलकरंजीचा बापू