स्ट्यूत भाज्या कधी घालायच्या?

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत भाज्या घालून केलेल्या बीफ स्ट्यूची पाककृती वाचली. साहित्य व्यवस्थित दिलं आहे, पण ‘मांस व सर्व भाज्या एकत्र घालून दीड तास उकळावे’ या एका ओळीने सगळा घोळ केला आहे.

दीड तासात बटाटा विरघळतो, गाजराची सगळी चव रश्श्यात जाते आणि मटारची नुसती सालं तरंगतात. मांस मात्र तेवढ्या वेळातही चिवटच राहू शकतं. आमच्या घरी सासरे कवळी लावतात. मांस शिजलं की नाही, याचा निकाल तेच देतात आणि त्यावर अपील नसतं.

मुळात ‘अर्धा किलो बीफ’ म्हणजे कुठला भाग? स्ट्यूला पोटरी, खांदा किंवा छातीचं मांस हवं. हे भाग जनावर सतत वापरतं, म्हणून त्यांत कोलॅजन, म्हणजे मांसाचे धागे बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, भरपूर असतं. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे ते सावकाश विरघळून त्याचं मऊ, चिकट जिलेटिन होतं आणि रश्श्याला तो ओठांना चिकटणारा दाटपणा येतो. याला दोन-अडीच तास, कधी तीनही लागतात. पाठीकडचा मऊ भाग इतका वेळ शिजवला, तर कोरडा भुसा होतो. आणि ‘उकळावे’ तर नाहीच नाही! खळखळ उकळीत धागे आकसतात, चरबी रश्श्यात घुसळली जाऊन तो गढूळ होतो. मधूनच एखादा बुडबुडा वर यावा, इतकीच आच पुरे.

‘रस आत राहावा म्हणून मांस आधी परतावे’ असंही छापलं आहे. ही समजूत जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८४७च्या सुमारास रूढ केली, पण ती चुकीची ठरून बराच काळ लोटला. परतलेल्या मांसातूनही रस सुटतोच. तरी परतायचं जरूर, ते खमंगपणासाठी. तुकडे टिपून कोरडे करावेत, भांड्यात दाटी न करता थोडे थोडे घालावेत आणि चांगले तांबूस होईपर्यंत हलवू नयेत. गर्दी झाली की पाणी सुटतं आणि मांस परतण्याऐवजी वाफवलं जातं. तळाला धरलेली खरपूड पाणी घालून खरवडून घ्यायची. अर्धी चव तिथेच असते, ती घासणीने घालवू नये.

आता भाज्या. कांदा, लसूण आणि स्वादापुरतं एखादं गाजर मांसाबरोबर सुरुवातीलाच जाऊ द्या, ते गळालं तरी चालतं. खायची गाजरं आणि बटाटे मात्र मोठे चिरून, काटा मांसात सहज शिरू लागला की घालायचे. त्यांना अर्धा-पाऊण तास बास. टोमॅटो जास्त असेल तर आंबटपणामुळे बटाटा लवकर मऊ होत नाही. तेव्हा बटाटा वेगळा उकडून घालावा. मटार शेवटची पाच मिनिटं. रस्सा पातळ वाटला तर बटाट्याच्या दोन फोडी भांड्याच्या कडेलाच चेचाव्यात, पिठाची गरज पडत नाही. मीठ शेवटी चाखूनच पुरं करावं, कारण रस्सा आटतो तसा खारट होत जातो.

घाई असेल तर प्रेशर कुकर आहेच. फ्रेंच शास्त्रज्ञ डेनिस पापँ यांनी १६७९मध्ये त्याचा पूर्वज बनवला, तोही हाडं मऊ करायलाच. मांस त्यात पाऊण तासात होतं. पण वाफ आपोआप जिरू द्यावी आणि भाज्या झाकण काढल्यावरच घालाव्यात.

पुढच्या वेळी पाककृती छापताना मांसाचा भाग आणि भाज्यांचा क्रम, एवढं तरी द्यावं. सोबतच्या फोटोत मटार हिरवेगार दिसत आहेत. ते दीड तास उकळलेले नक्कीच नव्हेत.

आपली,
एक नियमित वाचक