ॲबर्डीनच्या बोलीला अशुद्ध म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला स्कॉटलंडच्या सहलीवरचा लेख वाचला. एडिनबराचा किल्ला, लॉख नेस, व्हिस्कीच्या भट्ट्या, सगळ्यांना भरपूर जागा मिळाली आहे. ॲबर्डीनची बोळवण मात्र तीन वाक्यांत झाली: शहर करड्या दगडाचं आहे, खाण्याचे हाल होतात आणि इथले लोक ‘अशुद्ध इंग्रजी’ बोलतात. शहर करडं आहे हे खरंच. ते ग्रॅनाइटचं आहे. त्यातला बराच दगड शहरातल्याच रुबिस्लॉच्या खाणीतून निघाला. ती खाण 1971 साली बंद झाली, पण पावसानंतर ऊन पडलं की तिचा दगड अजून अभ्रकाने चमचमतो. उरलेल्या दोन वाक्यांनी मात्र मन दुखावलं, म्हणून हे पत्र.

मी इथे बरीच वर्षं परिचारिका आहे, वृद्ध रुग्णांच्या वॉर्डात. ज्याला लेखात अशुद्ध इंग्रजी म्हटलं आहे ती डॉरिक, म्हणजे ईशान्य स्कॉटलंडमधली स्कॉट्स भाषेची बोली. स्कॉट्स आणि आजची इंग्रजी एकाच जुन्या भाषेतून निघाल्या आणि शेकडो वर्षं आपापल्या वाटेने वाढल्या. डॉरिकला तिचे नियम आहेत आणि ते काटेकोर आहेत. इंग्रजीत जिथे ‘व्हॉट’ तिथे इथे ‘फिट’, ‘व्हेअर’च्या जागी ‘फार’, ‘व्हेन’च्या जागी ‘फॅन’, ‘हू’च्या जागी ‘फा’. एकदा ही खूण पटली की अर्धं बोलणं उलगडतं. ‘फिट लाइक?’ म्हणजे कसं काय, बरं आहे ना? तुम्ही कुठल्या, असं विचारताना ‘फार अबूट्स?’ म्हणतात. ते बाहेरच्यांच्या कानांना ‘फरी बूट्स’, म्हणजे केसाळ बूट, असं ऐकू येतं, आणि त्यावरून ॲबर्डीनला ‘फरीबूट्स सिटी’ हे लाडाचं नावच पडलं आहे. मुलगा म्हणजे ‘लून’, मुलगी म्हणजे ‘क्वाइन’. पन्नाशीतल्या बाईलाही ऐंशीच्या आजी ‘क्वाइन’ म्हणून हाक मारतात आणि त्या हाकेत माया असते.

वॉर्डात ही बोली कळणं हा माझ्या कामाचा भाग आहे. आजोबा ‘क्वीट्स’ सुजलेत म्हणाले तर घोटे बघायचे. ‘ऑक्स्टर’ म्हणजे काख, ‘वेम’ म्हणजे पोट, ‘थ्रॅपल’ म्हणजे घसा, ‘क्रॅनी’ म्हणजे करंगळी. ‘होस्ट’ म्हणजे खोकला. हे शब्द माहीत नसले तर दुखणं कुठे आहे तेच कळत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांचं तर आणखी वेगळं असतं. आयुष्यभर ऑफिसात बेताची, नीटनेटकी इंग्रजी बोललेली माणसं अखेरच्या वर्षांत आईच्या कुशीतल्या बोलीकडे परततात. त्या वेळी समोरच्या परिचारिकेने त्यांना त्याच बोलीत ‘फिट लाइक?’ विचारलं तर त्यांचा चेहरा उजळतो. हे मी डोळ्यांनी पाहते, म्हणूनच त्या भाषेला कोणी अशुद्ध म्हटलं की मला ते त्या माणसांना म्हटल्यासारखं लागतं.

आणि हे त्यांनी आधीच पुष्कळ ऐकलेलं आहे. माझ्या अनेक रुग्णांनी शाळेत डॉरिक बोलल्याबद्दल हातावर चामड्याच्या पट्ट्याचे फटके खाल्ले आहेत. सरकारी शाळांतला तो पट्टा 1987 साली बंद झाला, म्हणजे काल-परवाच. घरी एक भाषा, वर्गात दुसरी; घरची बोललात तर शिक्षा. ‘आनि’, ‘पानी’ म्हणणाऱ्या पोरांना आपल्याकडच्या वर्गांत जे सोसावं लागलं ते ज्यांनी सोसलंय, त्यांना मी वेगळं काय सांगू? याच प्रदेशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गॅव्हिन ग्रेग या शाळामास्तरांनी आणि जेम्स डंकन या पाद्र्यांनी शेतमजुरांची, कोळ्यांची, घरकाम करणाऱ्या बायकांची तीन हजारांहून अधिक गाणी लोकांच्या तोंडून उतरवून घेतली. एवढं ज्या बोलीत गाऊन झालंय ती मोडकीतोडकी कशी असेल? 2022 च्या जनगणनेत 54 लाखांच्या या देशातल्या 15 लाखांहून अधिक लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येते असं नोंदवलं. 2025 मध्ये स्कॉटिश संसदेने कायदा करून स्कॉट्सला गेलिक या इथल्या दुसऱ्या जुन्या भाषेच्या बरोबरीने अधिकृत दर्जा दिला. मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचा आनंद आपण नुकताच साजरा केला आहे, तेव्हा या बातमीचं मोल आपल्या वाचकांना कळेल.

आता ही बोली ऐकायची कुठे? हॉटेलच्या काउंटरवर किंवा विमानतळावर नाही. तिथे तुमच्याशी सगळे जपून, सरळ इंग्रजीत बोलतील. ती ऐकायला मिळते बेकरीच्या रांगेत, बसमध्ये आणि सर्वांत जास्त पबमध्ये. पब म्हटलं की आपल्याकडच्या बऱ्याच घरांत दारूचा गुत्ता डोळ्यांसमोर येतो, मुलींनी तर पाऊलही टाकायचं नाही. मी दारू पीत नाही. शिफ्ट संपल्यावर सहकाऱ्यांबरोबर जाते, लाइम-सोडा घेते, आणि आजवर कोणी एका शब्दाने आग्रह केलेला नाही. पब ही इथली बसायची जागा आहे. दुपारी तिथे एकटे आजोबा पेपर वाचत बसलेले असतात, कोपऱ्यात कुणाच्या तरी पायाशी कुत्रा झोपलेला असतो, शेजारच्या टेबलावर आजी, लेक आणि नात मिळून जेवत असतात.

युनियन स्ट्रीटवरून सेंट निकोलस लेन नावाच्या बोळात उतरलं की ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ लागतो. तिथला लांबच लांब लाकडी बार, म्हणजे पेयं मागायचा काउंटर, बघण्यासारखा आहे. लिटल बेलमाँट स्ट्रीटवर ‘मा कॅमरन्स’, कॅसलगेटच्या चौकात ‘ओल्ड ब्लॅकफ्रायर्स’. आणि म्युझिक हॉलच्या समोर ‘द ग्रिल’. तो मी मुद्दाम सांगते. या पबमध्ये फक्त पुरुषांना प्रवेश होता. 1973 साली स्कॉटिश ट्रेड्स युनियन काँग्रेस या कामगार संघटनांच्या महासंघाच्या अधिवेशनाला शहरात आलेल्या महिला प्रतिनिधी निषेध म्हणून थेट आत शिरल्या. 1975 मध्ये लिंगभेदाविरुद्धचा कायदा झाला आणि दार उघडावंच लागलं, तरी बायकांसाठी स्वच्छतागृह व्हायला 1998 उजाडलं. आज मी तिथल्या महोगनीच्या भिंतीला टेकून निवांत बसते ते त्या बायकांमुळे, याची मला जाणीव आहे. स्त्रियांनी पबमध्ये जावं की नाही यावर आपल्याकडे चर्चा निघते तेव्हा मला हा इतिहास आठवतो.

पबमधल्या रीती कोणी लिहून ठेवलेल्या नाहीत, पण त्या आहेत. बहुतेक ठिकाणी टेबलावर विचारायला कोणी येत नाही; उठून बारवर जायचं, मागायचं, पैसे तिथेच द्यायचे. रांग दिसत नसली तरी असते. आधी कोण आलं हे बारमागच्या माणसाच्या ध्यानात असतं आणि त्याने चुकून तुम्हाला आधी विचारलं तर ‘यांचा नंबर’ म्हणून शेजाऱ्याकडे बोट दाखवायचं. हात हलवून किंवा ओरडून बोलावणं फार वाईट दिसतं. चौघं बसले असतील तर एकेक जण पाळीने सगळ्यांसाठी आणतो. तुमच्यासाठी कोणी आणलं की तुमची पाळी येणारच, मग तुम्ही स्वतः सरबत प्यायलात तरी. जुन्या मंडळींत ‘हाफ अँड अ हाफ’ म्हणजे अर्धा पाइंट बिअर आणि जोडीला छोटी व्हिस्की घेण्याची पद्धत अजून आहे. गाडी चालवायची असेल तर एकही नको, कारण 2014 पासून इथली मद्याची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे. आणखी एक, स्वयंपाकघर लवकर बंद होतं. आपल्या सवयीने नऊ वाजता जेवायला गेलात तर अनेकदा फक्त वेफर्सची पाकिटं शिल्लक असतात. ‘खाण्याचे हाल’ होण्याचं एक कारण इतकं साधं आहे.

खाण्याबद्दल मला खरोखर मनापासून सांगायचं आहे, कारण हा किनारा खाऊन-पिऊन तृप्त आहे. शहराच्या दक्षिणेला काही मैलांवर फिंडन नावाचं कोळ्यांचं छोटं गाव आहे. तिथला धुरावलेला हॅडॉक मासा ‘फिनन हॅडी’ या नावाने जगभर गेला. तो दुधात हलके उकळून, त्यात बटाटा आणि कांदा घालून ‘कलन स्किंक’ करतात; कलन हे मोरे फर्थ या खाडीच्या काठावरचं गाव. समुद्रावरून ‘हार’ म्हणजे दाट धुकं आत आलेलं असताना, ओटकेकच्या तुकड्याबरोबर हे गरम सूप प्यायलं की माशावर वाढलेल्या कोकणी माणसाला दुसरं काही नको वाटेल. त्यात मसाला नाही, मिरपूड तेवढी, पण ताज्या दुधाला धुराचा जो वास लागतो तो विसरता येत नाही. आणि सकाळी ‘राउई’, म्हणजेच बटरी. चपटी, वेडीवाकडी, दोन प्रकारच्या स्निग्धांशांनी जड झालेली, चांगलीच खारट. आपली खारी ओलसर आणि चिवट झाली तर कशी लागेल तशी. ती कोळ्यांसाठी, बोटीवर बरेच दिवस टिकावी म्हणून तयार झाली असं सांगतात. गरम करून सपाट बाजूला लोणी किंवा जॅम लावायचा. बेकरीत सकाळीच जायला हवं.

शाकाहाऱ्यांनी घाबरू नये, पण विचारावं. राउईत पारंपरिक रीतीने डुकराची चरबी असते. काही बेकऱ्या वनस्पती तेलाची करतात. ‘स्कर्ली’, म्हणजे कांद्याबरोबर परतलेलं ओटचं जाड पीठ, मला अतिशय आवडतं, पण ते गाईच्या चरबीत परतलेलं असू शकतं. मसुरीच्या सुपाचं पाणी बऱ्याचदा हॅमच्या हाडाचं असतं. ‘स्टोव्हीज’ या बटाट्या-कांद्याच्या रश्श्यात सहसा गोमांस असतं. हॅगिसमध्ये मेंढीचं काळीज, यकृत आणि फुफ्फुसं असतात हे खरं, पण 1984 पासून शाकाहारी हॅगिस मिळतं. डाळी, ओट आणि मसाल्यांचं, सलगमाच्या आणि बटाट्याच्या गोळ्याबरोबर. बऱ्याच पबच्या यादीत ते असतं. चौकशी केली म्हणून कोणी कपाळाला आठ्या घालत नाही. उलट बारमागची बाई आत जाऊन आचाऱ्याला विचारून येते.

हे एवढं तपशिलात लिहिण्यामागे पर्यटकांपेक्षाही एक मोठं कारण आहे. दर सप्टेंबरात इथल्या दोन विद्यापीठांत मराठी मुलं-मुली येतात. तेलाचं, ऊर्जेचं, आता वाऱ्याच्या विजेचंही शिक्षण घ्यायला. घरून ती असेच लेख वाचून निघतात. त्यांना वाटतं, इथलं अन्न आपलं नाही, भाषा कळणार नाही, पबमध्ये आपल्यासारख्यांनी जायचं नाही. डिसेंबरात साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो. मग ती खोलीत बसून राहतात, आठवडेच्या आठवडे. त्यातली कित्येक जण वृद्धाश्रमांत अर्धवेळ नोकरी करतात, जिथे दिवसभर डॉरिकच कानावर पडते, आणि ‘मला काही कळत नाही’ म्हणत रडवेली होऊन माझ्याकडे येतात. मी त्यांना पुस्तक देत नाही. शनिवारी दुपारी पबमध्ये नेते, सुपाची वाटी मागवते आणि शेजारच्या टेबलावरच्या आजोबांशी ओळख करून देते. आजोबा ‘फूज यर डूज?’ म्हणून विचारतात, तुझी कबुतरं कशी आहेत, आणि ‘आय पेकिन’, म्हणजे दाणे टिपताहेत, हे उत्तर स्वतःच शिकवतात. ती मुलं पुढच्या आठवड्यात कामावर हेच वाक्य म्हणतात. त्यानंतर वृद्धाश्रमातली माणसं त्यांना नावाने हाक मारू लागतात.

आपल्या पुरवणीच्या वाचकांत या मुलांचे आई-वडील आहेत. त्यांच्यासाठी तरी, त्या लेखातलं ‘अशुद्ध इंग्रजी’ हे वर्णन पुढच्या रविवारी दुरुस्त करावं आणि तिथे डॉरिक हे नाव छापावं, ही विनंती.

आपली नम्र,
एक मराठी परिचारिका, ॲबर्डीन