बऱ्या झालेल्या कुत्र्यालाही जागा द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोरड्या विहिरीत पडलेल्या कुत्रीला दोरखंड लावून वर काढल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. खाली उतरलेल्या त्या मुलाचं कौतुक करावं तेवढं थोडंच. मला मात्र तेव्हापासून एकच प्रश्न छळतोय, की पुढे काय? जखमा भरतील, टाके निघतील, कुत्री अंग धरेल. आणि मग ती जाणार कुठे?

जखमी कुत्र्यांना बरं होईपर्यंत मी घरी सांभाळते. उपचार दवाखान्यात होतात, नंतरची शुश्रूषा आणि माणसांची पुन्हा सवय लावणं माझ्याकडे असतं. यातला सगळ्यांत अवघड टप्पा ऑपरेशनचा नसतो. रक्तबंबाळ कुत्र्याचा फोटो फिरला की लोक खरोखर धावून येतात. औषधांचे पैसे उभे राहतात, अपरात्री गाडी मिळते, रक्त द्यायला कोणी स्वतःचा कुत्रा घेऊन येतं. तोच जीव बरा होऊन चार माणसांत शेपटी हलवायला लागला, की त्याच्या फोटोवर ‘किती गोड’ एवढंच येतं. फोन आलाच, तर पहिला प्रश्न असतो, ‘पिल्लू नाही का तुमच्याकडे?’

पिल्लाची ओढ मला कळते. पण घरात पहिल्यांदाच कुत्रा येणार असेल, तर वयात आलेलं, बरं झालेलं कुत्रं घेण्यातच शहाणपण आहे, असं माझं ठाम मत आहे. पिल्लू मोठेपणी केवढं होईल, भित्रं निघेल की धीट, हे आधी कोणालाच सांगता येत नाही. माणसं, आवाज, इतर प्राणी यांची ओळख करून घेण्याचा त्याचा मुख्य काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा. नेमक्या त्याच दिवसांत लसीकरण पुरं झालेलं नसतं आणि पार्व्होची, म्हणजे पिल्लांना उलट्या-जुलाबांनी गाठणाऱ्या जीवघेण्या विषाणूची, धास्ती असते. बाहेर न्यायचं तरी पंचाईत, घरात कोंडायचं तरी पंचाईत. नवख्या माणसाला ही कसरत जड जाते. मोठ्या कुत्र्याच्या लसी आणि नसबंदी झालेली असते, दुधाचे दात पडताना चपला कुरतडायचं वय मागे गेलेलं असतं, आणि मुख्य म्हणजे त्याच्यासोबत राहिलेलं कोणीतरी त्याचा स्वभाव सांगायला समोर असतं.

सध्या माझ्याकडे चिंगी आहे. वाहनाच्या धडकेत तिचा पुढचा डावा पाय चिरडला, तो खांद्यापासून काढावा लागला. बघायला येणारे आधी ‘अरेरे’ म्हणतात, आणि त्या ‘अरेरे’तच तिचं घर हुकतं. कुत्र्याच्या अंगाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. त्यामुळे मागचा पाय गमावलेल्या कुत्र्यापेक्षा पुढचा गमावलेल्याला जास्त जुळवून घ्यावं लागतं, हे खरंच आहे. चिंगीने ते केव्हाच जुळवून घेतलंय. उरलेला पाय ती छातीच्या मधोमध टेकते, मानेने तोल सांभाळते आणि मागच्या पायांनी स्वतःला पुढे रेटते. मोकळ्या जागेत चार पायांची कुत्री तिच्या मागे पडतात. जिना झपाझप चढते. उतरताना थबकते, कारण तेव्हा सगळं वजन त्या एका पायावर येतं.

तिचा खरा वैरी म्हणजे गुळगुळीत फरशी. खोलीत शिरण्याआधी ती उंबऱ्याशी थांबून फरशी हुंगते, सतरंजीच्या कडेवर पंजा ठेवते आणि पुढच्या सतरंजीवर एका उडीत जाते. अंतर जास्त वाटलं तर तिथेच उभी राहते आणि माझ्याकडे बघते; मी सतरंजी जवळ सरकवली की निघते. तिला नेणाऱ्याने येण्याजाण्याच्या वाटेवर सतरंज्या घालाव्यात, नखं वेळेवर कापावीत आणि वजन आटोक्यात ठेवावं. लाडाने खायला घालून ती जाड झाली, तर त्या एकट्या पायाचे सांधे दुखायला लागतील. बाकी तिला दयेची काहीच गरज नाही.

मोटारसायकलला किक मारली की चिंगी पलंगाखाली जाते, हेही मी आधीच सांगते. घर शोधताना ‘शांत, प्रेमळ, कुठेही रुळेल’ असं लिहिण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही. कुठेही रुळेल असा कुत्रा नसतो. शिवाय शेल्टरच्या, म्हणजे बेघर प्राण्यांच्या निवाऱ्याच्या, पिंजऱ्यात दिसलेला स्वभाव घरात तसाच राहील, असं नाही. शेजारी सतत भुंकणं चालू असताना कोण स्वस्थ राहील? अमेरिकेतल्या पाच शेल्टरमध्ये केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एक-दोन रात्री कोणाच्या तरी घरी मुक्कामाला नेलेल्या कुत्र्यांमध्ये कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक कमी झालेलं दिसलं, आणि शेल्टरमध्ये परत आल्यावर ते पुन्हा पूर्वीच्या पातळीवर गेलं. म्हणून कायमचं घर देता येत नसेल त्यांनी थोडे दिवस सांभाळायला न्यावं, असं मी प्रत्येकाला सांगते. कुत्र्याला विसावा मिळतो आणि पुढच्या घराला त्याची खरी माहिती मिळते.

आता एक नाजूक विषय. एका कुटुंबाने माझ्याकडून नेलेला कुत्रा परत आणून दिला. घरातल्या आजींचा तोल जायचा आणि हा धिप्पाड गडी प्रेमाने थेट अंगावर उड्या घ्यायचा. आजी एकदा पडता पडता वाचल्या. परत आणताना ती माणसं रडत होती, आणि ओळखीतले काही जण त्यांना नाही नाही ते बोलले. मला त्याचा फार राग आला. त्यांनी कुत्र्याला रस्त्यावर सोडलं नव्हतं, दिलेल्या शब्दाप्रमाणे परत आणलं होतं. पुढे तो कुत्रा रोज पहाटे धावायला जाणाऱ्या दोघा भावांकडे गेला आणि तिथे रमला. परत आणणाऱ्याला आपण आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, तर पुढचा माणूस परत आणणार नाही, गुपचूप कुठेतरी सोडून देईल. ‘नाही जमलं तर माझ्याकडेच आणा’ हे वाक्य देणाऱ्याने पहिल्याच भेटीत म्हणायला हवं.

त्याच भेटीत दाराबद्दलही बोलावं. नवीन घरी गेलेलं कुत्रं निसटतं ते बहुधा पहिल्या काही दिवसांतच, कारण ते घर अजून त्याचं झालेलं नसतं. तेवढे दिवस गळपट्टा आणि छातीपट्टा दोन्ही घालावेत, पाहुण्यांना बोलावू नये, आंघोळ घालण्याची घाई करू नये. कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवलेली असेल तर तिच्या १५ अंकी क्रमांकापुढे नव्या मालकाचा फोन नोंदवून घ्यावा. जुनाच नंबर राहिला तर चिप असूनही कुत्रं सापडल्याचं घरी कळत नाही.

संपादक महोदय, माझी विनंती अशी. सुटकेच्या बातम्या आपण छापताच. त्यासोबत आठवड्यातून एकदा, अगदी छोट्या चौकटीत, वयात आलेल्या आणि बऱ्या झालेल्या एका कुत्र्याची माहिती द्या. त्याला काय झालं होतं हे एका ओळीत पुरे. आता ते कसं आहे, कशाला घाबरतं, घरात लहान मूल किंवा मांजर चालेल का, एकटं किती वेळ राहतं, हे सविस्तर असावं. ‘आज न्या नाहीतर मरेल’ असली भाषा नको. भावनेच्या भरात नेलेलं कुत्रं त्या घरात फार दिवस टिकत नाही. नेणाऱ्याने घरातल्या सगळ्यांना घेऊन भेटायला यावं, आणि वाढदिवसाची अचानक भेट म्हणून कोणी मागू नये, हेही खाली छापावं.

मजकूर लिहून देण्याचं, फोटो पुरवण्याचं आणि येणाऱ्या फोनना उत्तर देण्याचं काम मी आनंदाने करीन. पहिल्या आठवड्यासाठी चिंगीची माहिती सोबत जोडली आहे. जागा कमी पडली तर तिच्या अपघाताची ओळ गाळा, पण सतरंज्यांची ठेवा.

आपली,
एक नियमित वाचक