चवथीची पंगत आणि पक्षीय कटुता

महोदय,

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गोव्यातील बहुतेक हिंदू कुटुंबे मूळ घरी जमतात. फोंडा तालुक्यातील आमच्या घरीही माटोळीखाली (गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवलेल्या लाकडी चौकटीखाली) तीन पिढ्या एकत्र येतात. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात आजोबांनी महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या ‘फुला’ला, तर त्यांच्या धाकट्या भावाने गोवा वेगळा ठेवण्याच्या ‘दोन पानां’ना मत दिले होते. ३४,०२१ मतांच्या फरकाने विलीनीकरण फेटाळले गेले, तरी त्या वर्षीच्या चवथीला दोघे भाऊ शेजारी शेजारीच जेवायला बसले, असे आजी सांगत असे. यंदा मात्र पक्षीय वाद विकोपाला गेला आणि एक चुलतभाऊ आरतीनंतर न जेवताच निघून गेला. त्याच्यासाठी वाढलेले खतखते आणि हळदीच्या पानातली पातोळी काकूने रात्रीपर्यंत झाकून ठेवली. ते पाहून माझ्या घशाखाली घास उतरेना. मतभेद जरूर बोलून दाखवावेत (कोकणी की मराठी या राजभाषेच्या प्रश्नावरून आमच्याकडे १९८७ च्या राजभाषा कायद्यानंतरही भर जेवणात वाद रंगत), परंतु आपल्याच माणसाला ‘विकला गेलेला’ म्हणणे मला असह्य झाले. पुढच्या चवथीआधी मी स्वतः त्याच्या घरी बोलावणे करायला जाणार आहे. ज्यांच्या पंगतीत असे एखादे पान रिकामे राहिले असेल, त्यांनीही जावे, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, फोंडा